ऑश्वित्झचा महिला वाद्यवृंद: 'संगीताने वाचवलं' हे मला पटत नाही

निषाद:
ऑश्वित्झ या नाझी छावणीतल्या कैदी बायकांच्या वाद्यवृंदात सेलो (व्हायोलिनच्या जातीचं, मोठं, बसून वाजवायचं वाद्य) वाजवणाऱ्या अनिता लास्कर-वॉलफिश जुलै २०२५ मध्ये शंभर वर्षांच्या झाल्या. त्यांच्याबद्दल जे जे वाचायला मिळतं त्यात एकच पालुपद असतं: संगीताने त्यांचा जीव वाचवला. मला ते खटकतं.

तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊची ही ज्यू मुलगी डिसेंबर १९४३ मध्ये बिर्केनाऊला, म्हणजे ऑश्वित्झच्याच एका भागात, पोचली तेव्हा १८ वर्षांची होती. फ्रेंच युद्धकैद्यांसाठी खोटी कागदपत्रं बनवली म्हणून आधी तुरुंगात राहून आलेली. छावणीत डोकं भादरलं, हातावर आकडा गोंदला. गोंदणारीही कैदीच. तिने सहज विचारलं, बाहेर असताना काय करायचीस? सेलो वाजवायचे, असं कानावर पडताच ती हरखली. थांब इथेच, तू वाचलीस! अंगावर कपडा नाही, हातात एक टूथब्रश, अशा अवस्थेत अनिता उभ्या, आणि त्यांना न्यायला आल्या वाद्यवृंदाच्या प्रमुख आल्मा रोझे. कारण व्हायोलिनं होती, मँडोलिन, गिटार, अ‍ॅकॉर्डियन होतं, पण सेलोवर बसायला कोणी नव्हतं.

म्हणजे वाचवलं ते रिकाम्या जागेने. तिथे मेलेल्या बायकांत संगीत येणाऱ्या कितीतरी असतील. मजुरीच्या तुकड्या सकाळी ताल धरून बाहेर पडल्या, संध्याकाळी तशाच आत आल्या की मोजणी सोपी जायची, म्हणून मार्च (कवायतीच्या धुना) हवे होते. रविवारी मैफल हवी होती. महिला छावणीची प्रमुख मारिया मांडल या एसएस (नाझींचं निमलष्करी दल) बाईला आपल्या हाताखाली वाद्यवृंद मिरवायचा होता. १९४३ च्या वसंतात तो उभा राहिला तो या गरजांसाठी. श्रेय संगीताला दिलं की ही गरज कोणाची होती ते झाकलं जातं.

अबोली:
निषाद, आल्माला तुम्ही एका वाक्यात उरकलंत. माझा सगळा विरोध तिथेच आहे.

फक्त मार्च हवे असते तर पहिल्या प्रमुख झोफिया चायकोव्स्का पुरेशा होत्या. आल्मा प्रमुख झाल्या ऑगस्ट १९४३ मध्ये. वडील आर्नोल्ड रोझे म्हणजे व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे अनेक दशकांचे कॉन्सर्टमास्टर (मुख्य व्हायोलिनवादक), आणि आईचे सख्खे भाऊ प्रसिद्ध संगीतकार गुस्ताव माहलर. अशा घरात वाढलेल्या बाईच्या हाती चाळीसेक जणी आल्या, बऱ्याचशा शिकाऊ. आल्मांनी त्यांच्याकडून रोज तासन् तास तालीम करून घेतली. पियानोच्या प्रतीवरून, कधी नुसत्या आठवणीने, हाताशी होती त्या वाद्यांसाठी संगीत बांधलं. ज्यांचा हात वाद्यावर बसेना त्यांतल्या काहींना स्वरलिपी उतरवून काढायला बसवलं, म्हणजे त्या वाद्यवृंदाच्या यादीत राहिल्या.

टायफसमधून उठलेल्या अनितांना धड वाजवता येईना, तेव्हा आल्मांनी आठवडाभर गुडघ्यांवर बसवून बराकीची जमीन घासायला लावली. आजाऱ्याला ही शिक्षा! अनिता तेव्हा संतापल्या. पण पुढे त्यांनीच या कडकपणाचं मोल सांगितलं. बाहेर प्रेतं जाळणाऱ्या भट्ट्यांची धुराडी पेटलेली असताना आल्मांनी सगळ्यांचं लक्ष बेसूर लागलेल्या स्वरावर खेचून धरलं. ही एसएसची गरज नव्हती, त्यांना त्याहून खूप कमी चाललं असतं. एप्रिल १९४४ मध्ये आल्मा छावणीतच अचानक आजारी पडून गेल्या. त्यांनी सांभाळलेल्या बहुतेक जणी युद्ध संपेपर्यंत जगल्या.

जुना श्रोता:
तुम्ही दोघंही वाजवणाऱ्यांबद्दलच बोलताय. ऐकणाऱ्यांचं काय?

इटालियन लेखक प्रिमो लेव्ही ऑश्वित्झच्याच मोनोविट्झ भागात होते, पुरुषांच्या छावणीत. त्यांनी लिहून ठेवलंय की तिथल्या मोजक्या धुना हीच छावणीतली सगळ्यात शेवटी विसरली जाणारी गोष्ट असेल. त्यांच्यासाठी ते संगीत म्हणजे छावणीचाच आवाज होता. आणि वाद्यवृंदाच्या बराकीत लाकडी जमीन होती, शेगडी होती, झोपायला स्वतःची जागा होती. चिखलातून दगड वाहून परतणाऱ्या बाईला हे दिसत नसेल? एस्थर बेजारानो याच महिला वाद्यवृंदात अ‍ॅकॉर्डियन वाजवायच्या. त्या सांगायच्या, नवे कैदी घेऊन गाड्या येताना आम्ही वाजवत असू आणि गाडीतली माणसं आमच्याकडे बघून हात हलवत. संगीत आहे म्हणजे जागा फार वाईट नसेल, असं त्यांना वाटे. एस्थरना ती आठवण आयुष्यभर पुरली. 'संगीताने वाचवलं' या वाक्यात त्या हात हलवणाऱ्यांना जागाच नाही.

अबोली:
काका, मान्य. पण नकार दिला असता तर त्या गाड्या थांबल्या असत्या का? वाजवणाऱ्या मेल्या असत्या, एवढंच. तो बोजा त्यांच्या माथी मारू नका.

जुना श्रोता:
मी दोष देत नाहीये. गौरवाची एवढी घाई नको, इतकंच म्हणतोय.

पाटीपेन्सिल:
छावण्याही सारख्या नव्हत्या. टेरेझिन या चेक भागातल्या नाझी छावणीत पियानोवादक अ‍ॅलिस हर्झ-झोमर यांनी शंभराहून जास्त कार्यक्रम केले, शोपँचे एट्यूड (पियानोच्या अवघड रचना) वाजवले. सोबत लहान मुलगा होता. दोघं जगले, नवरा गेला. अ‍ॅलिस ११० वर्षांच्या होऊन २०१४ मध्ये लंडनला वारल्या. पण तेही नाझींच्या दिखाव्यातच बसत होतं. जून १९४४ मध्ये रेड क्रॉसचे लोक आले तेव्हा हीच छावणी रंगवून दाखवली होती.

आणि चेक वादक झुझाना रुझिच्कोवा? टेरेझिन, ऑश्वित्झ, हॅम्बुर्गची मजुरी, मग बेल्सेनची छावणी. परतल्या तेव्हा हात इतके खराब झालेले की पियानोचा विचार सोड असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नव्याने रियाज केला आणि पुढे बाखच्या सगळ्या कळवाद्य-रचना हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीचं कळवाद्य) ध्वनिमुद्रित केल्या. माझ्या मते वारसा म्हणावा तर हा.

निषाद:
झुझानांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या जगल्या मजूर म्हणून, संगीत नंतर आलं.

योगायोगाचंही बघा. छावणीत पोचल्यावर अनितांचे बूट गोंदणाऱ्या मुलीने मागून घेतले, डुकराच्या कातड्याचे, लाल नाड्यांचे. काही दिवसांनी बहीण रेनाटे वेगळ्या गाडीने आली. तिने त्या मुलीच्या पायात ते बूट ओळखले आणि विचारलं, हे कुठून आले? मुलगी धावत जाऊन अनितांना घेऊन आली. बहिणींची भेट बुटांच्या नाड्यांनी घडवली, आणि आपण सगळं सेलोच्या खात्यावर मांडतो.

सोप्या गोष्टीचा तोटाही झालेला आहे. याच वाद्यवृंदातल्या गायिका फानिया फेनेलाँ यांच्या १९७६ च्या आठवणी आणि १९८० चा दूरचित्रपट यांमुळे जगाला हा वाद्यवृंद कळला. पण त्यात रंगवलेली आल्मा अनितांसकट बऱ्याच सहकाऱ्यांना मान्य नव्हती. त्या वर्षानुवर्षं ते खोडत राहिल्या. म्हणून मी म्हणतो, या बायकांचा खरा वारसा साक्षीत आहे. अनितांनी १९४५ मध्येच ल्यूनेबर्गला छावणीच्या रक्षकांवर चाललेल्या खटल्यात साक्ष दिली, २०१८ मध्ये जर्मन संसदेत भाषण केलं.

अबोली:
१९४५ आणि २०१८ यांच्या मध्ये काय होतं तेही सांगा ना! अनिता लंडनमध्ये इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या संस्थापकांपैकी एक होत्या, दशकानुदशकं सेलो वाजवत होत्या. मुलगा राफाएल सेलोवादक झाला. घरात मुलांशीसुद्धा त्या छावणीबद्दल फार उशिरा बोलल्या, जर्मनीत पाय ठेवायला १९९० चं दशक उजाडलं. आधी सेलो होता, बोलणं मागून आलं. एस्थर तर साक्ष देताना गाणंच गात होत्या. ऐंशी पार केल्यावर कोलोनच्या 'मायक्रोफोन माफिया' या रॅप गटाबरोबर. त्यातली मुलं तुर्की आणि इटालियन स्थलांतरितांच्या घरची. ८ मे ला, नाझी जर्मनीच्या शरणागतीच्या दिवशी, जर्मनीत सुट्टी द्या म्हणून २०२० मध्ये त्यांनी खुलं पत्र लिहिलं, तेव्हा त्या ९५ वर्षांच्या होत्या. यातली साक्ष कुठे संपते आणि गाणं कुठे सुरू होतं, ते मला दाखवा.