प्रतिसाद: बडोद्यात घर, मकरपुऱ्यात नोकरी

बडोद्यात भाड्याने घर कुठे घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. नोकरी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) असेल तर कारेलीबागेपेक्षा जवळचं मांजलपूर बघा. रोजचं शहर ओलांडणं वाचेल. दांडिया बाजार, रावपुरा मराठी माणसाला जवळचे वाटतात खरे, पण गाडी लावायला जागा मिळत नाही.

भाड्याआधी विश्वामित्री नदीच्या पुराचा विचार करा. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी २५ च्या आसपास. समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा इथे तळमजला घेऊच नका. एकाच भागातही गल्लीगणिक उंची बदलते, म्हणून वॉचमनला विचारा: पार्किंगमध्ये पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवरची ओल बघा. विजेचे मीटर आणि पाण्याची मोटर खाली असतील, तर वरच्या मजल्यावरही वीज-पाणी जातं. अलकापुरीच्या गरनाळ्यातून (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यातून) रोज जायचं असेल तर पावसाळ्यातला दुसरा रस्ता आधीच ठरवा.