कॉर्कचे लोणी संग्रहालय : आईबाबांना घेऊन जाण्यासारखे आहे का?

डब्लिनवासी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या सुरुवातीला माझे आईबाबा भारतातून आमच्याकडे येत आहेत. डब्लिनहून केरीकडे जाताना कॉर्कला एक मुक्काम करायचे ठरते आहे आणि तेथील शँडन भागात लोण्याच्या इतिहासाचे एक छोटे संग्रहालय असल्याचे कळले. बाबांची सारी नोकरी आमच्या जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या संकलन विभागात झाली. निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली, तरी दुकानात दुधाची पिशवी हातात घेतली की त्यांची नजर किमतीच्या आधी फॅट आणि एसएनएफच्या (चरबी सोडून दुधातल्या इतर घन पदार्थांच्या) आकड्यांवर जाते. आईने लग्नानंतर कित्येक वर्षे खांबाला रवी बांधून ताक केलेले आहे, त्यामुळे या विषयात तिला अधिकार कमी आहे असे कोणी म्हणू शकणार नाही.

मला मुख्यतः तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. संग्रहालय फारच लहान असल्याचे ऐकले, तेव्हा त्यासाठी वाट वाकडी करावी इतके तेथे आहे का? आईचे गुडघे दुखतात, तर चढ किंवा जिने किती आहेत? आणि हे संग्रहालय म्हणजे केरीगोल्ड या आयरिश लोण्याच्या छापाची जाहिरात तर नाही ना? कारण तसे असेल, तर बाबा पाच मिनिटांत बाहेर येऊन बाकावर बसतील.

लीकाठ

मी कॉर्कमध्येच राहतो आणि येणाऱ्या पाहुण्यांना तेथे नेण्याची जबाबदारी बहुधा माझ्यावरच येते, म्हणून सविस्तर लिहितो.

संग्रहालय खरोखरच लहान आहे. रेंगाळत पाहिले तरी एक तास पुरतो. मात्र ते ज्या जागी उभे आहे, ती जागा वगळून केवळ आतल्या काचेच्या कपाटांवरून त्याचे मोल ठरवले, तर निराशा होईल. एकोणिसाव्या शतकात जगातला सर्वांत मोठा लोणी बाजार याच चौकात भरत असे. 1769 मध्ये कॉर्कच्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन समिती स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी बटर एक्स्चेंज सुरू झाले. मन्स्टर प्रांतातल्या, विशेषतः केरी आणि कॉर्क परगण्यांतल्या गोठ्यांतून निघालेले लोणी लाकडी पिंपांत ठासून भरून, आधी घोड्यांच्या पाठीवर आणि रस्ते झाल्यावर गाड्यांतून येथे येत असे. त्या वाटांना आजही बटर रोड म्हणतात; त्यांपैकी केरीतल्या कॅसलआयलंडकडून कॉर्ककडे येणारा रस्ता 1748 मध्ये बांधण्यात आला. तुम्ही केरीला गाडीने जाणार असाल, तर मिलस्ट्रीटच्या बाजूने जा; म्हणजे पिंपे ज्या दिशेने येत, त्याच्या उलट दिशेने तुमचा प्रवास होईल.

तुमच्या वडिलांना गुंतवून ठेवील असा भाग म्हणजे या बाजारातली तपासणी. पिंप आले की त्याचे वजन होई, पिंपाचे स्वतःचे वजन वजा केले जाई आणि मग निरीक्षक एक लांब, पन्हाळीसारखी पोकळ सळई लोण्यात खोलवर खुपसून ती फिरवून बाहेर काढी. त्यामुळे वरच्या थरापासून तळापर्यंतचा नमुना एका झटक्यात हाती येई आणि वर चांगले, खाली टाकाऊ असा माल भरणाऱ्याची लबाडी तिथल्या तिथे उघडी पडे. वास, चव, रंग आणि घट्टपणा पाहून प्रत ठरवली जाई आणि ती पिंपावर उमटवली जाई. शेतकऱ्याला दर मिळे तो त्या प्रतीप्रमाणे. पिंपे बनवणाऱ्या कारागिरांवरही नियम होते, कारण ओल्या किंवा कच्च्या लाकडात भरलेले उत्तम लोणीसुद्धा वाटेतच खराब होते.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट 1829 मध्ये घडली. लोण्याची तपासणी सक्तीची करणारे कायदे सरकारने त्या वर्षी रद्द केले. इतर ठिकाणी व्यवस्था ढिली पडली. कॉर्कच्या व्यापाऱ्यांनी मात्र ती स्वखुशीने चालू ठेवली, कारण लिस्बन किंवा वेस्ट इंडीजमधला खरेदीदार पिंप न उघडता पैसे मोजत होता, तो त्या शिक्क्यावर विसंबूनच. यात सचोटीपेक्षा हिशेब जास्त होता, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण हिशेबही शंभर वर्षे नीट सांभाळावा लागतोच.

आता चढाविषयी. शँडन नदीच्या उत्तरेला टेकडीवर आहे आणि सेंट पॅट्रिक स्ट्रीटवरून पायी गेल्यास शेवटचा टप्पा चांगलाच दमवणारा आहे. आईंना टॅक्सीने थेट चौकात उतरवा. संग्रहालयात वरचा मजला आहे, तेव्हा जिन्याची तयारी ठेवा. शेजारच्या सेंट अ‍ॅन्स चर्चच्या मनोऱ्याला 132 पायऱ्या आहेत. तेथे वर जाऊन पर्यटकांना स्वतः घंटा वाजवता येतात, पण तो भाग तुम्ही आणि बाबांनीच करावा. त्या मनोऱ्याच्या चार बाजूंची घड्याळे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून गावकरी त्याला चार तोंडांचा खोटारडा म्हणतात. समोरची वर्तुळाकार इमारत म्हणजे फर्किन क्रेन. ती 1855 ची असून पिंपांचे वजन तेथे होत असे. आता तेथे नृत्याचे केंद्र आहे.

सायखाई

लीकाठ यांनी बाजाराची बाजू उत्तम मांडली आहे, पण माझ्यासोबत आलेल्या सासूबाई रमल्या त्या घरगुती लोण्याच्या वस्तूंपाशी, म्हणून त्याविषयी लिहिते.

तेथे लोणी काढण्याची निरनिराळी लाकडी साधने आहेत. त्यांतले सर्वांत जुन्या घडणीचे म्हणजे खाली रुंद, वर निमुळते, उंच पिंप. त्याच्या झाकणाला मधोमध भोक असते आणि त्यातून आलेल्या दांड्याच्या टोकाला भोके पाडलेली लाकडी चकती असते. आपल्याकडे रवी दोरीने गोल फिरते, येथे दांडा उभ्याने खालीवर होतो. त्यामुळे ताण येतो तो खांद्यांवर आणि कंबरेवर, मनगटावर नव्हे. सासूबाईंनी दांड्याकडे पाहताच हे ओळखले आणि "हे काम आपल्यापेक्षा कष्टाचं, बाई," असा निकाल दिला. आपण विरजण लावून दही घुसळतो. येथे दुधावरची साय काही दिवस साठवून, आपोआप आंबू देऊन, ती घुसळत असत. निघालेले ताक पितात, हे मात्र दोन्हीकडे सारखे.

पुढचा टप्पा मला अधिक मोलाचा वाटला. लोण्याचा गोळा आला म्हणजे काम संपले असे नसते. त्यात अडकलेले ताक काढले नाही, तर दोन दिवसांत वास मारू लागतो. त्यासाठी गार पाण्याने धुऊन, खाचा पाडलेल्या दोन लाकडी फळ्यांमध्ये ते थापून थापून ताक निथळून काढतात आणि मग मीठ मळतात. आपल्याकडची हवा पाहता लोणी टिकवण्याचा हट्ट न धरता आपण ते कढवून तूप केले. येथल्या थंडीत मिठाने आणि लाकडी पिंपाने भागले. आईंना एवढे आधी सांगून ठेवा, म्हणजे पुढच्या वस्तू त्या स्वतःच उलगडून सांगतील.

लोण्यावर उमटवायचे कोरीव लाकडी ठसे, जुन्या वेष्टनांचा संग्रह आणि दलदलीच्या मातीत पुरलेले सुमारे हजार वर्षांपूर्वीचे लोण्याचे पिंप, हेही जरूर पाहा. आयर्लंडमधल्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या) दलदलीत गारवा असतो, हवा पोहोचत नाही आणि आम्लता जास्त असते, त्यामुळे पुरलेले लोणी मेणासारखे होऊन शतकानुशतके राहते. ते टिकवण्यासाठी पुरले की चोरांपासून लपवण्यासाठी की देवतेला वाहिले, यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. सासूबाईंचे मत चोरांच्या बाजूने पडले.

तुम्ही मे महिन्याच्या सुरुवातीला येत आहात, म्हणून एक गंमत. आयरिश खेड्यांत 1 मे हा दिवस लोण्याच्या दृष्टीने फार जोखमीचा मानला जाई. त्या दिवशी घरातून दूध, विस्तव किंवा मीठ कोणालाही देत नसत, कारण त्यासोबत वर्षभराच्या लोण्याची बरकत निघून जाते असा समज होता. घुसळण चालू असताना घरात आलेल्या माणसाने दांड्याला हात लावून थोडे घुसळलेच पाहिजे, अशीही रीत होती. तसे न करता निघून गेला, तर त्याच्यावर संशय. लोणी येणे हे तापमानावर किती अवलंबून असते, हे ज्याने अनुभवले आहे, त्याला या भीतीचे मूळ समजते. साय जरा जास्त गार किंवा जास्त गरम असली, की तासभर घुसळूनही गोळा येत नाही आणि मग दोष द्यायला कोणीतरी हवे असते.

काही दिवशी लोणी काढण्याचे प्रात्यक्षिक असते. त्याची वेळ आणि उघडण्याचे दिवस आधी चौकशी करून नक्की करा. हिवाळ्यात वेळ मर्यादित असतो, मे महिन्यात अडचण येऊ नये.

जमाखर्च

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, पण चित्र थोडे गुळगुळीत झाले आहे असे वाटते. हा बाजार कॉर्कलाच का वाढला, याचे उत्तर इंग्लंडच्या धोरणात आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंडमधून इंग्लंडला जिवंत गुरे पाठवण्यास कायद्याने बंदी झाली. गुरे जाणार नाहीत म्हटल्यावर खारवलेले मांस आणि लोणी जाऊ लागले, आणि त्याचे मोठे ग्राहक म्हणजे ब्रिटिश आरमार आणि वेस्ट इंडीजमधले मळे, जेथे उसाचे काम गुलामांकडून करून घेतले जात असे. उष्ण प्रदेशात टिकावे म्हणून त्या लोण्यात मीठही भरपूर घालत. शिक्क्यावरचा विश्वास कोणत्या व्यापाराला बळ देत होता, हे संग्रहालय पाहताना लक्षात असू द्यावे.

दुसरे असे, की हे लोणी काढणाऱ्या घरांतून ते फारसे खाल्ले जात नसे. लोणी विकून जमीनदाराचा खंड भरायचा आणि घरात बटाटे व ताकावर भागवायचे, हा लहान शेतकऱ्यांचा क्रम होता. 1845 पासूनच्या महादुष्काळात बटाटा कुजला, तेव्हाही लोण्याची निर्यात चालूच होती.

बाजार बुडाला तो मात्र यंत्रामुळे आणि चवीमुळे. 1878 मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी दुधातून साय सतत वेगळी करणारे फिरते यंत्र आणले आणि डेन्मार्कच्या सहकारी दूधशाळांनी ते उचलले. शेकडो शेतकऱ्यांचे दूध एका ठिकाणी येऊ लागल्याने त्यांचे लोणी रोज एकाच प्रतीचे, कमी मिठाचे आणि ताजे असे. कॉर्कला येणारे प्रत्येक पिंप वेगळ्या घरचे, वेगळ्या हाताचे आणि खारट. लंडनच्या दुकानदाराला प्रती लावण्याचे शास्त्र नको होते, त्याला प्रतींची गरजच न भासणारे लोणी हवे होते. खालच्या बाजूने मार्गरीन या लोण्याच्या स्वस्त पर्यायानेही गिऱ्हाईक तोडले. अखेर 1924 मध्ये एक्स्चेंज बंद झाले. लीकाठ ज्याला शंभर वर्षांचा हिशेब म्हणतात, तो शेवटी चुकला असे माझे मत आहे. तपासणीवर इतका भर दिला, की माल मुळात बनवण्याची पद्धत बदलण्याकडे दुर्लक्ष झाले.

आता केरीगोल्डविषयी. होय, त्याची कथा तेथे आहे आणि ती कौतुकानेच सांगितली आहे. पण तुमच्या वडिलांनी ती टाळू नये. आयरिश सहकारी चळवळीचे प्रणेते होरेस प्लंकेट यांच्या प्रयत्नांतून 1889 मध्ये लिमरिक परगण्यातल्या ड्रमकोलोगर येथे पहिली सहकारी दूधशाळा निघाली, 1961 मध्ये निर्यातीसाठी मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले आणि 1962 मध्ये अनेक दूधशाळांचे लोणी केरीगोल्ड या एकाच नावाने ब्रिटनमध्ये विकायला सुरुवात झाली. ज्या माणसाने दूध संघात आयुष्य घालवले आहे, त्याला गाव, जिल्हा आणि एक सामायिक छाप ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. 1946 मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात अमूलच्या रूपाने जे सुरू झाले, तेही मुंबईच्या बाजारात पॉल्सन या खासगी कंपनीच्या लोण्याचा जम असतानाच, आणि पॉल्सनच्या मुरलेल्या खारट चवीला सरावलेल्या मुंबईकरांना अमूलचे ताज्या सायीचे लोणी सुरुवातीला अळणी वाटले होते.

डब्लिनवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाबांना हे प्रतिसाद फोनवर वाचून दाखवले. त्यांचा पहिला प्रश्न असा, की जीभ आणि नाक सोडून फॅट मोजण्याचे काही साधन त्या बाजारात होते का?

लीकाठ

बाजाराच्या भरभराटीच्या काळात नव्हते. दुधातली चरबी झटपट मोजण्याच्या पद्धती 1890 च्या सुमारास आल्या: अमेरिकेत बॅबकॉक यांची आणि युरोपात गर्बर यांची. गर्बरची काचेची नळी, सल्फ्युरिक आम्ल आणि अमाइल अल्कोहोल हे सारे बाबांच्या हातून हजारो वेळा गेले असणार. त्याआधी दूधशाळांत दूध केवळ मापावर घेतले जाई आणि पाणी घालणाऱ्याला त्याच दराने पैसे मिळत. जमाखर्च यांच्या आक्षेपाला हेही एक उत्तर आहे: 1829 मध्ये, किंवा 1860 मध्येसुद्धा, सळई आणि नाक यांहून अधिक भरवशाचे काही उपलब्ध नव्हते. शेवटच्या वीसेक वर्षांत मात्र ते व्यापारी हटवादी झाले, हे मान्य.

परतताना टॅक्सी इंग्लिश मार्केटपाशी सोडा. तो मंडईचा भाग 1788 पासूनचा आहे, जमीन सपाट आहे आणि आईंना बसायला जागा मिळेल. तेथे लोणी चोळलेली अंडी विकायला असतात. ताज्या अंड्यावर हातानेच लोणी चोळले, की कवचाची बारीक छिद्रे बुजतात आणि अंडे बरेच दिवस टिकते. ही कॉर्कची जुनी पद्धत आहे. तुमच्या घरी अंडे चालत असेल तर अर्धा डझन घ्या आणि पुढच्या मुक्कामी साधी उकडून खा.