नखांची बुरशी हटत नाही, व्होरिकोनाझोल द्यावं का?

भातखाचर: बाबा ६८ वर्षांचे. पावसाळाभर लावणीच्या चिखलात, चिखल्या दरवर्षीच्या. दोन्ही अंगठ्यांची नखं पिवळी, जाड झालीत, आतून भुसा पडतो. टर्बिनाफिन २५० या बुरशीच्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा कोर्स केला, फरक नाही. भाऊ म्हणतो, फुफ्फुसातल्या बुरशीची व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल ही औषधं नखांवरही चालतात. बाबांना कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू आहे. कोणाला अनुभव?

काचपट्टी: मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे. गोळ्या सुरू करण्याआधी नख तपासलं होतं का? सोरायसिसचं किंवा बुटाने चेपलेलं नखही हुबेहूब असंच दिसतं. आणि कोर्स कधी संपला? अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर सरकतं, पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं. मुळाशी स्वच्छ नख दिसतंय का ते बघा.

भातखाचर: तपासणी नाही झाली, ताई. कोर्स गेल्या वर्षी संपला. मुळाशीही पिवळंच आहे.

जुना_फार्मासिस्ट: भावाचं अगदीच चुकीचं नाही. जपानमध्ये फॉसरावुकोनाझोल २०१८ पासून खास नखांसाठी वापरतात, आणि तेच औषध सुदानमध्ये मायसेटोमाच्या, म्हणजे कातडीखाली खोलवर पसरणाऱ्या गाठींच्या आजाराच्या, बुरशीने झालेल्या रुग्णांवरही तपासलं गेलं. अशी अदलाबदल होते. पण तुमच्या बाबांसाठी आधी इट्राकोनाझोल या बुरशीच्याच दुसऱ्या औषधाचा विचार होईल.

काचपट्टी: बरोबर, पण इट्राकोनाझोल असो की व्होरिकोनाझोल, अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. हृदय कमजोर असेल तर इट्राकोनाझोल नकोच. व्होरिकोनाझोलने उन्हात कातडी भाजते. शेतात दिवस काढणाऱ्या माणसाला ते कसं झेपेल? यकृताची तपासणी वेगळीच. म्हणून कळकळीने सांगते, भावाला मेडिकलमधून परस्पर काही आणू देऊ नका.

टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या एन्झाइमला अडवतं, तेच बदललेली, म्हणून या औषधाला दाद न देणारी बुरशी आपल्याकडे गजकर्णात बरीच सापडते. बाबांच्या नखात ती आहे का, दुसरीच कुठली आहे, की बुरशीच नाही, हे नमुन्याशिवाय कळणार नाही. चांगलं आणि खराब नख जिथे मिळतं तिथला नखाखालचा भुसा खरवडून घेतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात तो विरघळला की बुरशीचे धागे लगेच दिसतात. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून ती कुठली ते ओळखायला, तीन-चार आठवडे लागतात.

भातखाचर: सोमवारी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेते. चिखल्यांना दुकानदाराने दिलेली ट्यूबही आहे, न्यावी का?

काचपट्टी: नक्की न्या. त्यात क्लोबेटासोल लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे, डॉक्टरांना आवर्जून दाखवा. आणि जायच्या आधी नखं कापू नका.