पावसाचा खंड पडला, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन सुकली, कापून म्हशींना टाकू का?

बोरीकाठ_पारोळा

राम राम मंडळी. गाव पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या जवळ, पण पाट आमच्या शिवारापर्यंत पोचत नाही, सगळं पावसावर आणि एक विहीर तिला आता तासभर मोटर चालते. पाच एकर आहे, साडेतीन एकर कपाशी, एक एकर ज्वारी, राहिलेल्यात उडीद-मूग. दावणीला दोन म्हशी, एक गाय, बैलजोडी आणि सहा शेळ्या.

मृगात बरा पाऊस झाला म्हणून कपाशी लावून मोकळा झालो. ज्वारी मात्र दोनदा पेरावी लागली, पहिली उगवलीच नाही नीट. दुसरी पेरणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात केली आणि ती उगवून वर आली तेवढ्यात पाऊस गेला तो गेलाच, आज पंचवीस दिवस झाले. आश्लेषा पूर्ण कोरड्या गेल्या. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली, पानांच्या दुपारी पुंगळ्या होतात. उडीद तर गेल्यातच जमा आहे.

मागच्या वर्षीचा कडबा फार तर दहा दिवस पुरेल. एक म्हैस सात लिटरवरून चारवर आली. शेजारचे म्हणतात ज्वारी आता काही होणार नाही, कापून जनावरांना टाक, तेवढाच चारा. आमचे आबा म्हणतात अजिबात नाही, कोवळी ज्वारी लागते, म्हणजे जनावराला विषबाधा होते. घरात रोज यावरूनच बोलणं होतंय. खरं काय ते सांगा, आणि पुढच्या मृगापर्यंत पाच मोठी जनावरं कशी जगवायची याचंही कोणी सांगितलं तर उपकार होतील. पोळा तोंडावर आलाय आणि बैलांची हाडं दिसायला लागली, बघवत नाही.

तापीथडी_शिंदखेडा

भाऊ, आबांचं ऐक. हात जोडून सांगतो, आज ती ज्वारी कापू नको.

2018 ला असाच खंड पडला होता, त्या वर्षी राज्याने 151 तालुके दुष्काळी जाहीर केले होते, आमच्याकडे तर बांधावर सुद्धा हिरवं नव्हतं. माझी एक गाय दावं तोडून अशाच सुकलेल्या ज्वारीत शिरली. घरातून पळत जाईपर्यंत पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, तिच्या तोंडाला फेस, पाय ताठ, धापा टाकत खाली पडली. डॉक्टरला फोन लावला, ते निघाले पण पोचायच्या आत ती गेली. पाचव्या वेताची गाय होती, घरातल्या लेकरांनी तिच्याच दुधावर डोळे उघडलेले. आजही त्या वावराकडे बघितलं की ते आठवतं.

आमच्या शिंदखेड्याकडे पाऊस मुळातच कमी, त्यामुळे जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं, ज्वारी निसवल्याशिवाय, म्हणजे कणीस बाहेर आल्याशिवाय, तिच्यात गुरू जाऊ द्यायचं नाही. आता ज्वारीच कमी पेरतात, जिकडे बघावं तिकडे कपाशी नाहीतर मका, म्हणून नव्या पोरांना हे कोणी सांगितलेलंच नाही.

गोठ्यातला_डॉक्टर

मी चोपडा भागात जनावरांची प्रॅक्टिस करतो. वरच्या दादांनी सांगितलं ते अगदी बरोबर आहे, फक्त कारण सांगतो म्हणजे घरातला वाद मिटेल.

कोवळ्या ज्वारीत एक घटक असतो, तो जनावराने चावला की पोटात त्याचं हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडच तयार होतं. झाड जितकं कोवळं आणि जितकं पाण्याच्या ताणात तितकं हे प्रमाण जास्त. पेरल्यापासून साधारण दीड महिना धोका मोठा असतो, फुलोऱ्यात आल्यावर खूप कमी होतो. आता तुमच्या केसमध्ये वय पण कमी आणि ताण पण, म्हणजे दोन्हीकडून वाईट.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोक इथेच फसतात. समजा उद्या पाऊस आला तर ज्वारी टवटवीत दिसेल, बुडातून नवे फुटवे निघतील, माणसाला वाटतं आता हिरवीगार झाली टाका जनावरांना, पण ते फुटवे सगळ्यात जास्त विषारी असतात. पाऊस आल्यावर तर आणखी सांभाळा. नंतर कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना येणाऱ्या फुटव्यांचं पण तेच.

पीक हातचं गेलंच असं वाटलं तर कापून पातळ पसरून चांगलं कडक उन्हात वाळवा, चार-पाच दिवस, हे विष वायू होऊन उडून जातं आणि प्रमाण बरंच उतरतं. मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला चारा, केला तरी कमी होतं. पण हिरवी किंवा अर्धवट सुकलेली टाकू नका आणि वाळवलेली सुद्धा उपाशी जनावराला एकदम पोटभर देऊ नका, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून थोडी थोडी सुरू करा. मका आणि बाजरीत हे विष नसतं.

चुकून खाल्लंच तर गूळपाणी, ताक, असले उपाय करण्यात वेळ घालवू नका. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं शिरेतून द्यावी लागतात आणि ती लगेच द्यावी लागतात. तुमच्या जवळच्या दवाखान्यात ती ठेवलेली आहेत का हे आजच फोन करून विचारून ठेवा.

बोरीकाठ_पारोळा

डॉक्टर साहेब, तापीथडी दादा, मनापासून आभार. आबांना वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत पण संध्याकाळी स्वतः जाऊन ज्वारीच्या बाजूला काट्या लावून आले. आता प्रश्न राहिला चाऱ्याचा. दहा दिवसांनी काय टाकू?

केळीवाला_रावेर

दादा रावेर-यावल पट्ट्यात ये किंवा कोणाला तरी पाठव. आमच्याकडे केळीची कापणी चालू आहे, घड काढला की खांब आणि पानं बांधावरच पडतात, ओळखीचा शेतकरी असेल तर फुकट उचलून देतो, भाडं तेवढं तुझं. कुट्टी करून टाकायची. पण खांबात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, त्यामुळे नुसत्या केळीवर जनावर ठेवलं तर शेण पातळ होतं आणि ताकद येत नाही. कडबा, कुटार, काहीतरी कोरडं सोबत हवंच, आणि दुभत्याला ढेप. तुझा दहा दिवसांचा कडबा असा मिसळून महिनाभर ओढता येईल.

आम्ही पण सुखात आहोत असं समजू नको. मे महिन्यात 45 च्या वर पारा गेला की पानं करपतात, जूनच्या तोंडाशी वादळ आलं की निसवलेली बाग एका तासात झोपते, आणि थंडीत पारा 10 च्या खाली गेला की वाढ थांबते, घड नीट बाहेर पडत नाही. माझी दोन वर्षांपूर्वी अर्धी बाग वादळात आडवी झाली, तेव्हापासून पश्चिमेच्या बाजूला शेवरी दाट लावली. वारा पण अडतो आणि शेळ्यांना पाला पण होतो. तुझ्या सहा शेळ्यांना बांधावरची शेवरी आणि सुबाभूळ पुरून उरेल, सुबाभूळ मात्र रोज थोडीच, जास्त झाली तर केस गळतात.

ठेलारी_साक्री

आम्ही मेंढ्यावाले. दरवर्षी दिवाळीनंतर घोड्यावर संसार टाकून वाडा, म्हणजे मेंढ्यांचा कळप, घेऊन निघतो आणि पावसाळ्यात गावाकडे परततो. यंदा परत आलो तर माळावर गवतच नाही, जे आहे ते कुसळी गवत. पवन्या आणि मारवेल ही चांगली गवतं जिथे होती तिथे गुरांनी खाऊन खाऊन मुळापर्यंत गेलं, त्याची जागा कुसळीने घेतली. कुसळी कोवळी असेपर्यंत जनावर खातं, एकदा तिला टोकदार बी आलं की लोकरीतून कातडीत घुसतं, तोंडात रुततं. म्हणून जे काही आहे ते फुलोऱ्याच्या आत कापून वाळवून ठेवा.

दुसरं असं की खंडानंतर पाऊस आला की आठ दिवसांत कोवळं लुसलुशीत गवत येतं आणि भुकेली मेंढी-शेळी त्याच्यावर तुटून पडते. तेव्हाच आंत्रविषार होतो, संध्याकाळी चांगली असते सकाळी मेलेली सापडते. शेळ्यांना लस दिली नसेल तर आताच द्या, आणि सकाळी कोरडं खाऊ घालूनच चरायला सोडा. ओल असताना एकाच जागी बांधू नका, खूर कुजतात.

भाऊ तुमच्या कपाशीचं एक सांगतो. डिसेंबरमध्ये वेचणी संपली की फरदड, म्हणजे तीच कपाशी पुढे वाढवणं, ठेवू नका, आमच्यासारख्याचा वाडा बसवा. मेंढ्या उरलेली बोंडं-पानं खातात, त्यातली गुलाबी बोंडअळी पुढच्या वर्षाला राहत नाही आणि लेंडीखत तुमच्या वावरात पडतं. फक्त शेवटची फवारणी कधी केली ते खरं सांगा. आमचा अख्खा कळप त्याच्यावर असतो.

दूधवाली_भडगाव

दादा, मी सांगते ते थोडं लांबेल पण वाच. आमच्याकडे बारा म्हशी आहेत, 2023 चा ऑगस्ट आठवतो ना, 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, तेव्हा आम्ही चारा विकत घेता घेता कर्जात गेलो. त्यानंतर मी ठरवलं की आधी चारा आणि मग कपाशी. घरात विरोध झाला, कपाशीने पैसा येतो ना, पण पैसा येऊन तो कडब्यातच जात असेल तर काय उपयोग.

हिशोब कर. पाच मोठी जनावरं, दिवसाला एकाला सहा किलो कोरडा चारा धरला तरी तीस किलो, आणि ऑक्टोबर ते मे आठ महिने म्हणजे सात टनांच्या वर. एवढा चारा एक एकर पडक्या ज्वारीतून निघत नाही. आता पाऊस आला की उडदाचं रान मोकळं कर आणि मका टाक. पंचाहत्तर-ऐंशी दिवसांनी दाण्यात चीक भरला की कापून कुट्टी करून मुरघास. बॅगा मिळतात, खड्डा करायची गरज नाही. हवा राहिली की बुरशी येते म्हणून पायाने नीट दाबायचं, घट्ट बांधायचं आणि दीड महिना हात लावायचा नाही. उघडल्यावर आंबट-गोड वास आला पाहिजे. काळी पडलेली किंवा बुरशीची असेल तर ती टाकून द्यायची, गाभणीला तर अजिबात नाही.

रान भारी काळं असेल तर सप्टेंबरच्या शेवटी थोडी दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेर. ओलीवर येते, भाकरीला दाणे आणि जनावराला कडबा, दादरच्या कडब्यासारखा कडबा नाही, म्हशी बाकीचं सोडून आधी तो खातात. आणि विहिरीच्या सांडपाण्यावर चार-पाच गुंठे फुले जयवंत गवत लाव, एकदा लावलं की वर्षानुवर्षं कापत राहायचं. गव्हाचं भूस मिळालं तर शंभर किलोला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, ताडपत्रीखाली एकवीस दिवस दाबून ठेवायचं, मग मोकळं करून वास गेल्यावर टाकायचं. युरिया नुसता जनावराच्या तोंडाशी जाऊ देऊ नको, आणि सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हे भूस नाही.

गोठ्यातला_डॉक्टर

ताईंनी छान सांगितलं. एक भर घालतो. पाऊस लागला की माशा, डास, गोचीड वाढतात. 2022 च्या ऑगस्टमध्ये लंपीची साथ आपल्या रावेर तालुक्यातूनच राज्यात पसरत गेली, ते दिवस मी विसरणार नाही, गाठी आलेली बैलं उभी राहू शकत नव्हती. गायबैलांना लंपीची लस घेतली नसेल तर घ्या, घटसर्प-फऱ्याची राहिली असेल तर ती पण. आणि ऊन तापलं तर म्हशीला दुपारी अंगावर पाणी, काळी कातडी आणि घाम कमी, तिला उकाडा गाईपेक्षा जास्त लागतो. चारा पहाटे आणि रात्री टाका. दूध तीन लिटरने उतरलं त्यात अर्धं कारण उकाडा असू शकतं.

बोरीकाठ_पारोळा

आठवड्याने लिहितोय. परवा रात्री पाऊस आला, दोन तास चांगला पडला, नाल्याला पाणी गेलं. डॉक्टर म्हणाले तसंच झालं, ज्वारीच्या बुडातून फुटवे निघायला लागले आणि दिसायला इतके हिरवेगार दिसतात की शेजारच्यांनी पुन्हा विचारलं. आबांनी त्यांनाही सांगितलं आणि त्यांची गुरं बांधावरून वळवून आणली.

यावलहून एक टेम्पो केळीची पानं आणली, कडब्यात मिसळून चालू आहे. उडदाचं रान नांगरून मका पेरली काल. शेळ्यांना लस झाली, म्हशीला दुपारी पाणी मारतो, साडेचार-पाचवर आली. ताई, दादरचं बी भडगावकडे मिळेल का, घरचं ठेवलेलं कोणाकडे असेल तर पाच किलो हवंय, पोळ्यानंतर येऊन घेऊन जाईन.

दूधवाली_भडगाव

माझ्याकडे घरचं आहे, निवडून ठेवते. येताना दोन रिकाम्या बॅगा आण, त्यात मुरघास भरून देते, तुझा मका येईपर्यंत बैलांना थोडा थोडा चालू कर.