मदत हवी आहे: लातूरहून गाडीने स्पिती, तंबू सोबत

जूनअखेर मी, मेहुणे आणि भाचा लातूरहून हिमाचलमधल्या स्पितीला निघतोय. रेकाँग पिओ, नाको, टाबो, काझा आणि कुंझुम खिंडीतून मनाली. काझा ३,६०० मीटरच्या वर, म्हणून किन्नौरकडून हळूहळू चढायचं एवढं पक्कं.

खरी पंचाईत तंबूची. परवा गच्चीवर लावून पाहिला. फरशी अशी तापलेली की आत पाच मिनिटं बसवेना. खुंट्या कुठे ठोकणार, म्हणून दोऱ्या पाण्याच्या टाकीला बांधल्या! तिकडच्या खडकाळ जमिनीवर तुम्ही काय करता? आणि आमची थंडीची तयारी म्हणजे आईची गोधडी अन् एक घोंगडी. तेवढ्यावर भागेल की स्लीपिंग बॅग घ्यावीच?

कुंझुमजवळच्या चंद्रताल तलावाच्या काठावर तंबूला बंदी आहे, माहीत आहे. मग तलावाच्या अलीकडे कुठे लावलात? काझात पंप आहे, तरी मेहुण्यांचा कॅनभर डिझेल सोबत नेण्याचा हट्ट आहे. मला बंद गाडीत तो वास नको.

गाडी साधी हॅचबॅक. दुपारी बर्फ वितळून नाले फुगतात म्हणे. मग कुंझुम ते ग्रांफू या मनालीकडच्या पट्ट्यासाठी काझाहून पहाटे किती वाजता निघावं? हॅचबॅक नेलेल्यांनीच सांगा, राव.