'हेख्शेर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ज्यूंच्या खाण्यापिण्यावरच्या एका लेखाच्या अनुवादात 'कोशर'साठी, म्हणजे त्यांच्या धर्मनियमांत बसणाऱ्या अन्नासाठी, 'सोवळ्यातलं अन्न' आणि 'हेख्शेर'साठी, म्हणजे अन्न तसं असल्याच्या रब्बीच्या (ज्यू धर्मगुरूच्या) हमीसाठी, 'प्रमाणपत्र' असं योजलंय. चालेल का?

उत्तर : ताई, 'सोवळं' नको. सोवळं असतं रांधणाऱ्याचं, त्याच्या नेसण्याचं. 'कोशर' म्हणजे मूळ हिब्रू 'काशेर', अर्थ नुसता 'योग्य', 'चालण्याजोगं'. पर आणि खवले असलेला मासा काशेर, कोळंबी नाही. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यू घरांनी हा नियम कुठल्याही शिक्क्याशिवाय पिढ्यानपिढ्या पाळला.

'हेख्शेर' त्याच धातूतला. 'प्रमाणपत्र' चूक नाही, पण त्यात कागद दिसतो, माणूस दिसत नाही. मी 'ग्वाही' लिहीन. ज्यू धर्मशास्त्रात पैशाच्या दाव्याला दोन साक्षीदार लागतात, खाण्यापिण्याच्या निषेधांत एकाचा शब्द पुरतो. असा माणूस 'नेएमान', म्हणजे विश्वासातला. 'आमेन'ही याच धातूचा! १९३५ साली अटलांटाचे रब्बी टोबायस गेफेन यांना कोका-कोलाने आपले गुप्त घटक दाखवले. त्यांनी ते कुठे फोडले नाहीत, पण प्राण्यांच्या चरबीपासून केलेलं ग्लिसरीन बदलायला लावलं आणि मगच पेय चालेल म्हणून सांगितलं. पिणाऱ्यांपुढे घटकांची यादी नव्हती, गेफेन यांचा शब्द होता.

प्रश्न : छान! मग हे नियम पाळले जातात ना, हे पाहणाऱ्या 'मशगियाख'ला 'निरीक्षक'?

उत्तर : निरीक्षक येतो, पाहतो, सही करून जातो. मशगियाख हॉटेलच्या स्वयंपाकघरात वावरतो. कोथिंबिरीची पानं उजेडापुढे धरून किडे शोधतो, चूल स्वतः पेटवतो. बाहेरून आलेल्या मांसावर दोन मोहरा शाबूत आहेत ना, हे पाहतो. मूळ धातूचा अर्थच 'लक्ष ठेवणं', म्हणून मला 'राखणदार' आवडतो. त्याचा पगार हॉटेलमालकाच्याच खिशातून येत असेल तर ग्वाही कितपत खरी, हा वाद इस्रायलमध्ये जुना आहे आणि मला तो रास्त वाटतो.

तिथे 'काशेर' हा शब्दच कायद्याने बांधलेला. १९८३च्या कायद्यानुसार मुख्य रब्बीपीठाच्या, म्हणजे तिथल्या सरकारमान्य ज्यू धर्मपीठाच्या, परवानगीशिवाय हॉटेलाला तो लावता येत नसे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एवढी मोकळीक दिली की तो शब्द न वापरता, आपण काय पाळतो आणि देखरेख कोणाची, हे गिऱ्हाइकाला लिहून सांगता येईल.

अमेरिकेत याच्या उलट. डब्यावर छापलेला वर्तुळातला 'यू' ही ऑर्थोडॉक्स युनियन या हेख्शेर देणाऱ्या संस्थेची नोंदलेली खूण. 'कोशर'चं नुसतं 'के' अक्षर मात्र कुणाच्या मालकीचं होत नाही, ते कुणीही छापू शकतो. त्यामुळे जाणकार आधी त्यामागचा रब्बी कोण ते विचारतात. तुमच्या लेखात डब्यावर नुसता 'के' असेल, तर तिथे 'ग्वाही' नको, 'खूण' लिहा.