नळदुर्गचे जुने आणि आजचे छायाचित्र एकत्र जोडताना

प्रश्न (तुळजापूर तालुका):
येत्या 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त, गावच्या वाचनालयात छायाचित्रांचे प्रदर्शन मांडायचे आहे. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आले. त्याच दिवसांतले म्हणून सांगितले जाणारे एक छायाचित्र आमच्या घरी आहे : पुढे तटाची भिंत व काही सैनिक, मागे किल्ल्यातला उंच उपळी बुरूज. हे सैनिक आजच्या छायाचित्रात मिसळावेत असा विचार आहे. मात्र भिंत जुळली की बुरूज सरकतो. काय करावे? जुन्या भागाला रंग द्यावा का?

उत्तर (लातूर):
भिंत जुळते आणि बुरूज सरकतो, याचा अर्थ आपण उभे राहता ती जागाच वेगळी आहे. संगणकावर कितीही ओढाताण केली तरी हा फरक भरून निघत नाही. जुन्या चित्रात भिंतीचा कोपरा बुरुजाच्या नेमक्या कोणत्या थरावर येतो ते पाहावे आणि तोच मेळ दिसेपर्यंत डावीउजवीकडे, पुढेमागे व वरखाली सरकावे. त्या काळचे बरेच कॅमेरे कमरेशी धरून वरून पाहण्याचे असत, म्हणून थोडे वाकूनही पाहावे. जागा सापडली की जरा रुंद चित्र घेऊन नंतर कापता येते. मूळ प्रत 600 डीपीआयवर स्कॅन करून घ्यावी.

उत्तर (नांदेड):
सावल्याही पाहाव्यात. सप्टेंबरच्या मध्यास सूर्य जसा असतो तसाच तो मार्चअखेरीस असतो, त्यामुळे तालमीसाठी वर्षभर थांबण्याची गरज नाही. त्या तारखेला कोणत्याच वेळी सावल्या जुळत नसतील, तर घरात सांगितली जाणारी तारीख पुन्हा तपासावी.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर):
रंग देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. रंग दिला की गणवेश, माती आणि चेहरे कसे होते हे आपण ठरवतो आणि पाहणारा त्याला पुरावा मानतो. कृष्णधवल ठेवले की 1948 चा भाग कोणता हे कुणाला सांगावे लागत नाही. जोडाची कडा मृदू करावी, पण पुसून टाकू नये. दुसऱ्या गावच्या चित्रातले रणगाडे मोकळी जागा भरण्यासाठी आणणे तर सर्वथा चूक. आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी गावे लुटली, जाळली. आणि कारवाईनंतर मुसलमानांवर हल्ले झाले. या हिंसाचाराची पाहणी करण्यासाठी भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे नोंदवली आहेत. प्रदर्शनाला त्या दोन्हीकडच्या घरांतली माणसे येतील, तेव्हा मृतांचे किंवा ओळखू येणाऱ्या बंदिवानांचे चेहरे आजच्या बाजारपेठेच्या चित्रात मिसळू नयेत.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा आभारी आहे. छायाचित्राच्या मागे केवळ ‘नळदुर्ग’ असे लिहिले आहे, म्हणून सावल्या पडताळून होईपर्यंत चित्राखालच्या ओळीत तारीख घालणार नाही. रंगाचा विचार सोडून दिला आहे. मूळ चित्र संपूर्ण, न कापता, शेजारी लावतो.